नखांवरून आजार कळतो का? किती खरं, किती ऐकीव?

पाऊलवाट:
आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक चित्र फिरतंय. दहा नखं, दहा आजार. पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, उभ्या रेघा म्हणजे यकृत बिघडलं, बुडाशी चंद्रकोर दिसत नाही म्हणजे रक्ताभिसरण मंद. मावशीने ते वाचून कॅल्शियमच्या गोळ्या सुरूसुद्धा केल्या.

मला हे पटत नाही, पण सगळंच थोतांड म्हणून सोडूनही देता येत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटांची टोकं फुगलेली पाहून डॉक्टरांनी बाकी काही विचारायच्या आत छातीचा एक्स-रे काढायला सांगितला, आणि पुढच्या तपासण्यांत ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे फुप्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार, निघाला. तोवर तो वर्षानुवर्षं नुसती खोकल्याची औषधं घेत होता.

तर कुठली खूण दिसली की लगेच डॉक्टर गाठायचा, कुठली सोडून द्यायची, आणि घरच्या घरी फरक ओळखायची काही सरळ रीत आहे का? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी लिहावं.

मोरपीस:
वाचते आहे. माझ्या फक्त अंगठ्यांवर चंद्रकोर दिसते, लहानपणापासून. बाकी आठ बोटांचं काय म्हणायचं?

तर्कट:
नख म्हणजे मेलेलं केराटिन. मेलेल्या पेशींवरून जिवंत शरीराचं निदान कसं करणार? रक्त तपासा, विषय संपला.

पानगळ:
तर्कट, दिसणारा पत्रा मृत असतो हे बरोबर. पण तो तयार होतो मुळाशी, कातडीखाली, आणि तिथल्या पेशी सतत विभागत असतात. मोठा ताप, कुपोषण, एखादं औषध, कमी पडलेला रक्तपुरवठा या सगळ्याचा त्यांच्यावर परिणाम होतो आणि तो पत्र्यात उमटून पुढे सरकत जातो. शिवाय पत्रा अर्धपारदर्शक असल्याने खालच्या रक्तवाहिन्यांचा रंगही दिसतो. रक्ताच्या अहवालात आजची स्थिती कळते, नखात गेल्या काही महिन्यांची. दोन्ही लागतं.

पाऊलवाट, मी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस करते. नखं बघताना आधी हे बघते की बदल एकाच नखात आहे की बहुतेक नखांत. एकाच नखात असेल तर कारण बहुधा त्या बोटापुरतं असतं: मार, बुरशी, नख चावायची किंवा कातडी मागे ढकलायची सवय. सगळ्या नखांत एकदम आला असेल तर शरीरात शोधावं लागतं. मग बघते तो नखाबरोबर पुढे सरकतोय की जागेवरच आहे, आणि नवा आहे की जन्मापासूनचा. याला एक मोठा अपवाद आहे, काळ्या पट्ट्याचा. त्यावर नंतर सविस्तर लिहीन, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

चित्रातल्या तिन्ही गोष्टी मात्र ऐकीव. पांढरे ठिपके मुळाला बसलेल्या बारीकशा धक्क्याने येतात, आणि ठिपका वर दिसेपर्यंत काही आठवडे गेलेले असल्यामुळे लागलेलं कुणाला आठवत नाही. बारीक उभ्या रेघा वयाबरोबर वाढतात. चंद्रकोर अंगठा सोडला तर अनेकांच्या बोटांवर कातडीच्या कडेखाली झाकलेली असते. मोरपीस, तुमचं अगदी नेहमीचं आहे.

मोरपीस:
हुश्श. धन्यवाद पानगळताई.

रानजाई:
सरकण्याचा मुद्दा मी डोळ्यांनी पाहिलाय. मोठ्या आजारपणातून उठल्यावर काही आठवड्यांनी माझ्या दहाही नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच दिसायला लागली. बोटाने चाचपली की अडकायची. भलतंसलतं मनात आलं. डॉक्टरांनी टेबलावरची पट्टी घेतली, कातडीच्या कडेपासून खाचेपर्यंतचं अंतर मोजलं, ते साधारण ६ मिलिमीटर भरलं. म्हणाले, हाताचं नख महिन्याला ३ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे दोनेक महिन्यांपूर्वी तुम्हाला काहीतरी मोठं झालं होतं. त्यांना माझ्या आजारपणाबद्दल मी तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते! खाच हळूहळू टोकाला गेली आणि कापली गेली. औषध काही लागलं नाही.

पानगळ:
रानजाई, यांना बो रेषा म्हणतात. बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आजारात मुळाचं काम काही दिवस मंदावतं, तेवढा पत्रा पातळ बनतो, तीच खाच. काम पूर्ण थांबलं तर नख मुळाकडून सुटूनही येतं आणि खालून नवीन वाढतं. लहान मुलांत हात-पाय-तोंडाच्या विषाणूजन्य आजारानंतर हे पुष्कळदा दिसतं आणि आईवडील घाबरून येतात. नवं नख नीट येतं.

सांजवात:
माझ्या बहिणीची केमोथेरपी चालू असताना तिच्या नखांवर एकाखाली एक अशा खाचा आल्या होत्या. प्रत्येक सायकलची एक. शेवटची खाच कापली गेली त्या दिवशी तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

रानजाई:
सांजवात, वाचून गलबलून आलं. बहीण आता बरी आहे ना?

सांजवात:
हो, छान आहे. नखंही.

तर्कट:
रानजाई यांचा अनुभव मान्य. पण तो आजार होऊन गेल्यावरचा पुरावा झाला. आधी कळून उपयोग झाला असं उदाहरण आहे का?

केतकी_वन:
आहे. माझंच. नखं पातळ झाली, मग सपाट, मग मध्ये खोलगट. कडा वर आलेल्या. हात धुतले की नखावर पाण्याचा थेंब तसाच टिकून राहायचा, ओघळायचा नाही. दम लागायचा, पण तो कामाचा ताण म्हणून मी सोडून दिलेला. दातांच्या डॉक्टरांकडे गेले असताना त्यांनी फॉर्म भरणारे माझे हात पाहिले आणि हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं ते विचारलं. हिमोग्लोबिन कमी आलंच, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तर तळाला. मुळाशी कारण होतं पाळीतला जास्तीचा रक्तस्राव आणि गर्भाशयातली गाठ. लोह सुरू केल्यावर नवीन वाढणारं नख सरळ यायला लागलं, जुना खोलगट भाग वरवर सरकत गेला.

पानगळ:
केतकी, तुम्ही कारण शोधेपर्यंत थांबला नाहीत हे फार चांगलं झालं. चमच्यासारखी नखं दिसली, लोहाची गोळी दिली, इथेच प्रकरण संपवणं धोक्याचं. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी झालं असेल तर ते आतड्यातून रक्त जाऊन कमी होत नाहीये ना, हे बघावंच लागतं. कधीकधी तिथे कर्करोग निघतो. तान्ह्या बाळांची पायाची नखं मात्र अशी खोलगट असणं बहुधा नैसर्गिक असतं, पुढे आपोआप सरळ होतात.

धूमकेतू:
दहा बोटं दिव्याखाली धरून झाली. आता घरातल्या बाकीच्यांची घेतो आहे, एकेकाला रांगेत उभं केलंय. आजी म्हणते आधी माझे डोळे तपास, मला तुझंच नख दिसत नाहीये.

शुक्रतारा:
धूमकेतू, रांग लावलीच आहे तर ही तपासणीही करा. दोन्ही हातांची तीच बोटं, म्हणजे तर्जनीला तर्जनी, नखाला नख लावून टोकाच्या पेरांनी चिकटवायची आणि उजेडासमोर धरायची. मुळाशी दोन नखांच्या मध्ये छोटी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली पाहिजे. ती बुजलेली असेल तर बोटं फुगायला लागली असण्याची शक्यता. शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ मध्ये ही खूण मांडली. त्याला स्वतःला हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला होता आणि त्याने आपल्याच बोटांत होणारा बदल टिपला होता. आजारी माणसाने आपल्याच हाताकडे इतक्या शांतपणे बघावं याचं मला फार कौतुक वाटतं.

आणखी एक. अशा बोटात नखाच्या मुळाशी दाबलं तर नख खाली तरंगत असल्यासारखं हलतं.

अनाहत:
आमच्या घरात आजोबा, वडील, मी, तिघांचीही बोटं अशीच. फट नाहीच. आजोबा नव्वदी पार करून गेले. तेव्हा उगाच घाबरवू नका लोकांना.

शुक्रतारा:
अनाहत, घराण्यात असते तशी, म्हणूनच पानगळ यांनी वर "नवा की जन्मापासूनचा" हे विचारलंय. पण तुमच्या उदाहरणावरून ज्याची बोटं चाळिशी-पन्नाशीत बदलली तो निर्धास्त राहिला तर? मी श्वसनविकार विभागात काम केलंय. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातलं गळू, ब्राँकिएक्टेसिस, जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणारी मुलं, यकृताचा सिरॉसिस, आतड्याचे दीर्घ दाह, या सगळ्यांत बोटं फुगतात. आणि एक गोष्ट ठळक लिहितो: वर्षानुवर्षं सिगारेट ओढून दमा-खोकला जडलेल्या माणसाची बोटं फुगली तर "त्याला सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, त्यामुळे असेल" असं म्हणून सोडायचं नाही. नुसत्या सीओपीडीने बोटं फुगत नाहीत. तिथे कर्करोग शोधायचा. हे वाक्य घरोघरी पोचावं असं मला मनापासून वाटतं.

अनाहत:
हे पटलं. घरात आणखी कुणाची अशी आहेत का, हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा.

पाऊलवाट:
पण फुप्फुसाचा आजार आणि बोटाचं टोक, यांचा संबंध काय?

शुक्रतारा:
सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं: प्लेटलेट ज्यांच्यापासून बनतात त्या मोठ्या पेशी एरवी फुप्फुसातल्या बारीक जाळ्यात अडकून फुटतात. फुप्फुस बिघडलं, किंवा हृदयातल्या दोषामुळे रक्त फुप्फुसाला वळसा घालून गेलं, की त्या तशाच पुढे जाऊन बोटांच्या टोकांना अडकतात. तिथे त्या वाढीला चालना देणारे घटक सोडतात, ऊती आणि रक्तवाहिन्या वाढतात, टोक फुगतं. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ही बोटं ओळखली जातात, इतकी ही खूण जुनी आहे. कारणाचा उलगडा मात्र अगदी अलीकडचा.

काजवा:
माझा प्रश्न वेगळाच. नखं पिवळट, जाड, टोकाकडून सुटलेली. सगळे म्हणतात बुरशी. गोळ्या घेऊन झाल्या, मलम झालं. फरक शून्य.

सूक्ष्मदर्शी:
काजवा, गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा नमुना तपासला होता का? मी प्रयोगशाळेत हेच काम करतो. नखाखालचा भुसा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, बुरशीचे धागे दिसतात का. जोडीला कल्चर लावायचं, म्हणजे नमुन्यातून बुरशी वाढते का ते बघायचं. नुसतं नखाचं टोक कापून पाठवलं तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही, खरवडताना सुटलेल्या भागाच्या जितकं आत जाल तितकं चांगलं. बिघडलेल्या नखांपैकी बुरशीची साधारण निम्मीच असतात. त्यामुळे बघून "बुरशी" म्हणणं हे नाणेफेकीच्या फार पुढे जात नाही. आणि टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळ्यांचा कोर्स हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे. तो यकृताकडे लक्ष ठेवून घ्यायचा असतो, खात्री नसताना का घ्यायचा?

पानगळ:
+१. काजवा, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-गुलाबी डाग? कोपर, गुडघा, डोक्यात खपल्या? आणि सकाळी बोटांची शेवटची पेरं आखडतात का?

काजवा:
खड्डे आहेत. डोक्यात कोंडा म्हणून जे समजत होतो ते कदाचित... आणि पेरं दुखतात, हो. ते टायपिंगमुळे असेल असं वाटत होतं.

पानगळ:
सोरायसिस, म्हणजे खपल्या धरणारा त्वचेचा जुनाट आजार, असू शकतो. इथून निदान करत नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि पेरांचं दुखणं आवर्जून सांगा, नाहीतर ते विचारायचं राहून जातं. सोरायसिसमध्ये नखं बिघडलेल्या लोकांना सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, कारण शेवटच्या सांध्याचा स्नायुबंध आणि नखाचं मूळ एकमेकांना अगदी लागून आहेत. सांधे झिजायच्या आत उपचार सुरू झाले तर ते वाचतात.

मोरपीस:
नखांसाठी बायोटिनच्या गोळ्यांचं काय? मैत्रीण घेते, केस आणि नखं दोन्हींसाठी.

सूक्ष्मदर्शी:
बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते. पण माझी कळकळीची विनंती वेगळी आहे: जो कुणी जास्त मात्रेत बायोटिन घेतो त्याने रक्त देताना ते सांगावं. थायरॉइडच्या तपासण्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन, यांच्या काही चाचण्या बायोटिनवरच चालतात. रक्तात ते जास्त असेल तर आकडे चुकीचे येतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. छातीत दुखत असताना ट्रोपोनिन खोटंच कमी आलं तर काय होईल, विचार करा.

मोरपीस:
बाप रे. आत्ताच फोन लावते तिला.

पारिजात_०७:
अवांतर, पण नखांचंच. मी परिचारिका आहे. शस्त्रक्रियेला येताना नेलपॉलिश काढून या म्हटलं की लोक नाराज होतात. त्यामागे कारण आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून प्रकाश आरपार पाठवून ऑक्सिजन मोजतो, गडद रंगामुळे त्याचा आकडा फसू शकतो. शिवाय नख निळं पडतंय का, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतंय का, हे आम्ही डोळ्यांनी बघत असतो. निदान एक-दोन बोटं तरी मोकळी ठेवा.

तर्कट:
चर्चा माहितीपूर्ण होत आहे. पानगळ, काळ्या पट्ट्याबद्दल लिहिणार होतात.

पानगळ:
हो. नखात मुळापासून टोकापर्यंत उभा तपकिरी-काळा पट्टा. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांत असे पट्टे सर्रास असतात, अनेक नखांवर, वयाबरोबर वाढतात, आणि ते निरुपद्रवी असतात. काही औषधांनी, गरोदरपणातही येतात.

पण प्रौढ वयात एकाच नखात नवा पट्टा आला, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, तो रुंद होत चालला, कडा धूसर झाल्या, मुळाकडे जास्त रुंद आणि टोकाकडे निमुळता दिसला, नख चिरलं, किंवा रंग नखाबाहेर शेजारच्या कातडीवर पसरला, तर थांबायचं नाही. कातडीवर पसरलेल्या रंगाला हचिन्सनची खूण म्हणतात. हा मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, असू शकतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या नखाखाली तोच होता. निदान १९७७ मध्ये झालं, १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

म्हणून मी "एकच नख असेल तर चिंता कमी" हा नियम इथे उलटा करते. अनेक नखांवर जुने पट्टे असतील तर धीर, एकावरच नवा असेल तर तपासणी.

अनाहत:
पण दाराच्या फटीत बोट सापडलं तरी नख काळं पडतं. प्रत्येकाने धावत सुटायचं का?

पानगळ:
अनाहत, रास्त शंका. मार लागलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि डागाच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ नख दिसायला लागतं. तारीख घालून फोटो काढा आणि काही आठवड्यांनी पुन्हा काढा. मागे स्वच्छ नख आलं तर बरं. पट्टा मुळाला चिकटलेलाच राहिला तर दाखवा. "लागलं असेल" या समजुतीवर लोक वर्षभर काढतात, आणि लागल्याचं आठवतं म्हणून मेलानोमा नाही असं होत नाही. कायमची खात्री मुळाची बायोप्सी करूनच होते. टोकाचं नख कापून पाठवणं त्याला पुरत नाही.

रानजाई:
वाढीबद्दल एक सांगायचं होतं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या नखाची वाढ ३५ वर्षं मोजली. बत्तिशीत रोज ०.१२३ मिलिमीटर वाढायचं, सदुसष्टीत ०.०९५. म्हातारपणी डाग उशिरा पुढे सरकतो तो यामुळेच. पायाचं नख तर आणखी सावकाश, पूर्ण बदलायला एक ते दीड वर्ष.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार. मावशीला पानगळ यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही म्हणाली. धाग्याची मूळ शंका बरीच फिटली. फक्त एक राहिलं. पांढरेपणा. ठिपके निरुपद्रवी, पण पूर्ण नखच पांढरं पडलं तर?

पानगळ:
तिथे सरकणं कामाला येतं. रंग पत्र्यात असेल तर नखाबरोबर सरकतो. नखाखालच्या गादीत असेल तर जागेवर राहतो, आणि अनेकदा दाबलं की नाहीसा होतो. आडवे दोन-दोन पांढरे पट्टे, चाचपून न लागणारे, जागेवरच असलेले, हे रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खूप खाली गेल्याचं लक्षण. अल्ब्युमिन सुधारलं की तेही जातात. जवळजवळ पूर्ण नख दुधी काचेसारखं, टोकाला बारीक गुलाबी किनार, चंद्रकोर पुसलेली, हे टेरी यांनी १९५४ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांत नोंदवलं. पण हृदय कमजोर झालेल्यांत, मधुमेहात आणि नुसत्या उतारवयातही दिसतं, म्हणून एकट्या नखावरून यकृताला दोष देऊ नका.

धूमकेतू:
रांगेतला शेवटचा नंबर आजीचा होता. तिची नखं मुळाकडे निम्मी पांढरी आणि टोकाकडे निम्मी लालसर तपकिरी. सगळी. सीमारेषा अगदी आखल्यासारखी. टेरी म्हणावं तर किनार बारीक नाही.

पानगळ:
धूमकेतू, या वर्णनाची नखं मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात दिसतात. निरोगी माणसातही कधी दिसतात, तेव्हा घाबरू नका, पण तपासणी सोपी आहे: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. आजींना मधुमेह किंवा रक्तदाब आहे का? पायावर सूज? दुखण्यासाठी रोजच्या गोळ्या चालू आहेत का?

धूमकेतू:
मधुमेह जुना आहे. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज. सूज संध्याकाळी येते, आम्ही ती वयावर ढकलत होतो. साखर नियमित तपासतो, लघवी कधी तपासलेली आठवत नाही.

पानगळ:
वेदनाशामकाचं पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ती मूत्रपिंडाला त्रासदायक असू शकते. लघवीचा नमुना सकाळचा पहिला द्या.

धूमकेतू:
बाटली आणून ठेवली आहे. अहवाल आला की इथेच लिहितो.